औषधाला दुसरा शब्द

देऊळघाटच्या गफ्फारभाईंच्या सफाला एका जागी बसवत नाही, हे ती रांगायला लागली तेव्हापासून तिच्या आईला, जहांआराला, माहीत होतं. पण त्या वर्षी दसरा झाल्यावर पोरगी जी फिरायला लागली, ती पाहून आईनेही हात टेकले. हातात मोबाइल, ओढणी खांद्यावरून घसरलेली, ओठ पुटपुटतायत, आणि बाई गच्चीवरून अंगणात, अंगणातून गोठ्यात, गोठ्यातून परत गच्चीवर. मध्येच म्हशीसमोर उभी राहून म्हणायची, "चिपड्या." म्हैस कान हलवायची. सफाला ते नाव पटलं तर ती मोबाइलवर टिपायची, नाही पटलं तर पुन्हा चालू लागायची.

तिला काम मिळालं होतं, पण ते कसलं काम हे घरात कुणाला धड समजावून सांगता येत नव्हतं. पुण्यातल्या एका छोट्याशा कंपनीने मोबाइलवर खेळायचा 'धुकेनगरी' नावाचा खेळ काढला होता. कंदील घेतलेली एक मुलगी धुक्यात बुडालेली गावं धुंडाळत जाते, वाटेत नाना तऱ्हेचे शत्रू आडवे येतात, आणि त्यांना हरवता हरवता ती कामाच्या वस्तू गोळा करते, असा तो खेळ. त्याचे दोन भाग इंग्रजीत आणि हिंदीत येऊन गेले होते. सफाने ते भावाच्या, अनसच्या, फोनवर खेळून संपवले होते आणि गंमत म्हणून त्यातल्या शत्रूंना वऱ्हाडी नावं ठेवून इंटरनेटवर टाकली होती. ती नावं कंपनीतल्या सहदेवच्या पाहण्यात आली. सहदेव मूळचा नांदुऱ्याचा, पण पुण्यात राहून त्याची बोली पार पुणेरी झालेली. त्याने तिला शोधून काढलं आणि विचारलं, तिसरा भाग मराठीत काढतोय, शत्रूंची आणि वस्तूंची नावं तू करशील का?

सफाने एका पायावर हो म्हटलं. हा हा म्हणता नावं जमत गेली. डबक्यातून उठून अंगाला चिकटणारा गोळा, तो चिपड्या. कंदिलावर झडप घालून उजेड विझवणारं वटवाघूळ, ते दिवाखाऊ. खजिन्याच्या पेटीचं रूप घेऊन बसलेला आणि झाकण उघडलं की बोटं तोडणारा, तो सोंगाड्या. वस्तूंचंही तसंच. लांबून मारायला गोफण, कडा चढायला दोर आणि आकडा, भिजलेली मशाल पेटवायला चकमक. सहदेवला सगळी पसंत पडली. एकाच वस्तूपाशी गाडं अडलं. लाल पाण्याने भरलेली एक बाटली असते, मुलगी मरायला टेकली की ती प्यायची आणि तिचा जीव परत येतो. सहदेवच्या मते त्यात विचार करण्यासारखं काहीच नव्हतं. औषध म्हणायचं आणि बटणावर लिहायचं, 'औषध पी'.

सफाच्या हातून ते लिहिलं जाईना. गावात औषध म्हणजे कपाशीवर मारायचं औषध. आणि कुणी औषध प्यालं किंवा घेतलं असं कानावर आलं, की बाया हातातलं काम टाकून त्या घराकडे धावत. तापाच्या गोळीलाही औषधच म्हणत, नाही असं नाही, पण प्यायचं म्हटलं की मनात एकच यायचं. हे सहदेवला सांगावं कसं, ते तिला कळेना. त्याचा एक दिवसाआड निरोप यायचा, की बाटलीचं राहिलंय तेवढं दे. ती उत्तर द्यायची, देते. आणि पुन्हा चालू लागायची.

त्या दिवसांत घरात ती एकटीच अस्वस्थ होती असं नाही. बीटी कपाशीला अळी लागत नाही, हे ऐकत ती मोठी झाली होती. त्या साली कपाशी डोक्याएवढी झाली, बोंडांनी लगडली, आणि मग फुलं उमलेनाशी झाली. पाकळ्या एकमेकींना चिकटून गच्च मिटून राहत. अशा कळीला डोमकळी म्हणतात, आणि ती दिसली की आत गुलाबी अळी बसलेली असणार हे समजून जायचं. वरून हिरवंगार, टणक दिसणारं बोंड फोडावं तर आत कापूस सडलेला. गफ्फारभाई दिवसभर बोंडं फोडत हिंडायचे.

त्यांच्या बांधाला बांध लागून कारभारीचं शेत. गफ्फार आणि कारभारी लहानपणी एकाच विहिरीत पोहायला शिकले, त्यामुळे बांधावरून भांडण असं त्यांचं कधी झालं नाही. पण फवारणीवरून वाद झाला. गफ्फारभाईंचं म्हणणं, अळी बोंडाच्या आत गेली, आता वरून मारून काय होणार? कारभारीला हातावर हात ठेवून बसणं जमणारं नव्हतं. त्याने जहाल औषध आणलं, लाल त्रिकोणाच्या बाटलीतलं, आणि बॅटरीवर चालणारा पंप पाठीवर घेऊन तो पऱ्हाटीत, म्हणजे उभ्या कपाशीत, शिरला.

त्या दुपारी सफा त्या बाटलीचं नाव शोधत घरातून निघाली ती चालत चालत शेतापर्यंत आली. ऊन तापलं होतं, वारा पडला होता. बांधावर चालताना तिला कारभारीच्या पंपाचा आवाज येत होता. माणूस काही दिसत नव्हता, कपाशीच तेवढी उंच. ती 'काढा' म्हणून पाहत होती, 'अर्क' म्हणून पाहत होती. आणि तिच्या लक्षात आलं, की पंपाचा आवाज एकाच जागेवरून येतोय.

तिने हाक मारली. ओ आली नाही. ओढणी कमरेला खोचून ती ओळीत घुसली. कारभारी पालथा पडला होता, पंप पाठीवर तसाच, नळीतून फवारा मातीत आणि त्याच्याच पाठीवर उडत होता. तोंडातून लाळ गळत होती, अंग घामाने निथळत होतं, हातापायांचे स्नायू आपोआप उडत होते. सफाने पंप बंद केला, पट्टे सोडवले आणि त्याला कुशीवर वळवलं. त्याने डोळे उघडले, पण तो तिला ओळखत नव्हता. त्याच्या बाहुल्या मोहरीच्या दाण्याएवढ्या झाल्या होत्या.

तिने फोन करून वडिलांना बोलावलं. गफ्फारभाई रस्त्यावरची ऑटो घेऊनच आले. दोघांनी कारभारीला धरून आत आडवा केला. गावातून जाताना त्याची बायको पुष्पाबाई ऑटोत चढली. मागे जागा उरली नाही, तेव्हा गफ्फारभाई सफाला ओरडून म्हणाले, की बाटली घेऊन ये, डॉक्टर विचारतील. सफा परत शेतात पळाली, बांधाच्या धुऱ्यावरची बाटली उचलली आणि अनसच्या गाडीवर बसून बुलढाण्याला निघाली. रस्ताभर ती अनसच्या मागे बसून त्याला जोरात चालव म्हणत होती, आणि तो सांगत होता, की याहून जोरात गाडी जात नाही.

ऑटो तिथल्या एका खासगी दवाखान्यात गेली होती. सफा बाटली हातात धरून पळत आत शिरली, तेव्हा बाकावर बसलेल्या माणसांनी माना वळवून पाहिलं. त्यांत देऊळघाटचेही दोघे-तिघे होते. आतल्या खोलीत कारभारीच्या नाकातून नळी घातलेली होती आणि त्याचं पोट धुणं चाललं होतं. पुष्पाबाई भिंतीला टेकून उभी होती. गफ्फारभाईंना आल्याआल्याच इंजेक्शनं आणायला औषधांच्या दुकानात पाठवलं होतं.

नर्सने बाटली घेतली, त्रिकोण पाहिला आणि विचारलं, "किती प्याले?"

"प्याले नाहीत," सफा म्हणाली. "फवारत होते. पंपासकट पडले."

डॉक्टरांनी मान वर केली. ते तरुण होते, घामेजले होते. ते म्हणाले, की मी यांच्या मिसेसना दोनदा विचारलं, औषध घेतलं का, त्या हो म्हणाल्या. सफाने पुष्पाबाईकडे पाहिलं. पुष्पाबाईला काय बिघडलं तेच कळत नव्हतं. ती म्हणाली, "हाव जी, घेतलंच ना. सकाळी डोकं दुखून राह्यलं होतं त्याहीचं. मीच देल्ली गोळी, चहासंगं."

डॉक्टरांनी कारभारीच्या सदऱ्याला हात लावला. तो अजून ओला होता. त्यांनी नळी थांबवायला सांगितली, आणि सगळे कपडे कापून काढा, साबणाने अंग धुवा, डोक्याचे केससुद्धा, असं भराभर सांगत सुटले. पोटात काही नव्हतंच. विष कातडीतून जात होतं आणि ओल्या कपड्यांतून अजूनही जातच होतं. सफाला बाहेर काढलं गेलं. ती दाराशी येरझाऱ्या घालत राहिली. गफ्फारभाई इंजेक्शनं घेऊन आले, आत गेले, बाहेर आले. दर थोड्या वेळाने नर्स बाहेर यायची आणि प्रत्येक वेळी सफा तिला तेच विचारायची. शेवटी नर्स वैतागून, पण मायेने म्हणाली, "अगं, उतारा चालू केलाय त्यांना. उतारा लागू पडतोय. बस आता जरा."

सफा बसली नाही. पण तो शब्द तिच्या कानात राहिला.

कारभारी वाचला. उताऱ्याच्या इंजेक्शनांनी त्याचं तोंड कोरडं पडलं, तो बडबडायला लागला, गफ्फारभाईंना विहिरीतून बाहेर ये म्हणून ओरडला. मग हळूहळू शुद्धीवर आला. दवाखान्याने पोलिसांना कळवलं होतंच. जबाब घ्यायला आलेल्या हवालदाराला सफाने पुन्हा सगळं सांगितलं, पंपापासून सदऱ्यापर्यंत. त्याने ऐकून घेतलं आणि तसं लिहूनही नेलं.

गावाला मात्र जबाब लागत नाही. बाकावरच्या माणसांनी बाटली पाहिली होती, नाकातली नळी पाहिली होती, आणि बायकोने 'हो, घेतलं' म्हटल्याचं ऐकलं होतं. कारभारी घरी यायच्या आधीच ती गोष्ट गावभर झाली होती. कारभारीनं औषध घेतलं. कपाशी गेली, म्हणून घेतलं. बाया पुष्पाबाईला भेटायला यायच्या, तिचा हात हातात धरायच्या आणि तिला समजावायच्या, की पोरीकडे पाहून तरी धीर धरा. ती सांगायची की तसं नाही. त्या मान डोलवायच्या, जणू असं सांगावंच लागतं हे त्यांना कळतं.

पुष्पाबाईने अन्न टाकलं. आपल्या एका शब्दाने नवऱ्याच्या नाकात नळी गेली आणि आपल्याच शब्दाने तो गावात बदनाम झाला, हे तिच्या मनातून जाईना. सफा रोज तिच्याकडे जायची, पण तिथेही तिला बसवायचं नाही. ती चुलीशी जायची, पाणी भरायची, दारात उभी राहून रस्ता बघायची आणि परत यायची.

त्यातच किसनराव आले. कारभारीच्या पोरीची, काजलची, सोयरीक मोताळ्याकडच्या एका घरात जुळत आली होती. दिवाळीनंतर साखरपुडा व्हायचा होता. किसनराव मुलाचे काका. माणूस भला, पण घरच्यांनी पाठवलेला, त्यामुळे अवघडून बसलेला. कारभारी खाटेवर उशीला टेकून बसला होता, हात अजून थरथरत होते. गफ्फारभाई आणि सफा तिथेच होते. काजल आत होती, पण मध्ये नुसता पडदा होता.

चहा आला. किसनरावांनी पाऊसपाण्याचं विचारलं, त्यांच्याकडच्या सोयाबीनचं सांगितलं. मग कप खाली ठेवला आणि म्हणाले, की कानावर आलं ते खोटं असेल तर मला तोंडाने सांगा, मी तसं घरी सांगतो.

कारभारी म्हणाला, "मी मरायले नाही गेलतो, किसनराव. अळी मारायले गेलतो."

"मग बाईनं दवाखान्यात हाव काऊन म्हटलं?"

पुष्पाबाईने पदर तोंडाला लावला. गफ्फारभाई काही सांगू लागले, पण त्यांचाही आवाज चढला आणि ते थांबले. सफा दाराला टेकून उभी होती. ती पुढे झाली.

"काका, एक विचारू? तुमच्या घरी डोकेदुखीच्या गोळीले काय म्हणता?"

किसनरावांना तो प्रश्न विचित्र वाटला. "औषध म्हणतो. अजून काय म्हणतीन?"

"अन् पऱ्हाटीवर मारता त्याले?"

ते बोलायला गेले आणि थांबले. त्यांनी पुष्पाबाईकडे पाहिलं, मग कारभारीच्या थरथरत्या हातांकडे. आणि म्हणाले, "औषधच."

"डॉक्टरनं एक औषध विचारलं, काकूनं दुसरं सांगतलं. मी होतो शेतात. यायच्या पाठीवरचा पंप मी सोडला. बाटली मी नेली, ती अर्धी भरेल होती."

किसनरावांनी आणखी काही विचारलं नाही. त्यांच्याही घरचा गडी मागल्या महिन्यात फवारताना चक्कर येऊन पडला होता, ते त्यांनी मग सांगितलं; लिंबूपाणी पाजलं, झाडाखाली झोपवलं, उठला. उठला म्हणून कुणी विचारलं नाही. निघताना ते पुष्पाबाईसमोर थांबले आणि म्हणाले, की वहिनी, घरी मी सांगतो, तुम्ही जेवा.

निरोप आठवड्याच्या आत आला. सोयरीक कायम, दिवाळीनंतर साखरपुडा करू. सगळ्यांना हायसं वाटलं, पण काजल पडद्याबाहेर आली आणि तिने बापाला सांगितलं, की मले घाई नाही. ज्यांनी माझा बाप कशानं पडला हे पाहायला माणूस पाठवला, पण तो कसा आहे हे विचारायला नाही, त्यांनी पुढच्या सालापर्यंत थांबावं. थांबले तर ठीक. पुष्पाबाई हबकली, पण कारभारी पोरीच्या तोंडाकडे पाहत राहिला आणि त्याने तसाच निरोप पाठवला. तिकडून बरेच दिवस काही आलं नाही. मग आलं, की थांबतो.

या सगळ्यात सहदेवचे निरोप साचत गेले होते. एका सकाळी त्याने फोनच केला. सफा गच्चीवर होती. त्याच्या आवाजात चिडचिड होती. सगळा खेळ तयार आहे, तुझ्या एका बाटलीपायी अडलाय, 'संजीवनी' टाकून मोकळा होऊ का, असं तो म्हणाला. सफा म्हणाली, की संजीवनी मेलेल्याला उठवते, आणि आपली मुलगी मेलेली नसते, तिच्या अंगात धुक्याचं विष भिनलेलं असतं. 'उतारा' लिहा.

सहदेव हसला. "उतारा म्हटलं की इथे लोकांना सातबारा आठवेल."

"आठवू दे. पहिल्यांदा प्याले की समजून जाईल, कशाचा आहे ते."

"आणि औषध का नको, ते तू मला अजून सांगितलं नाहीस."

मग तिने सांगितलं. गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत तिने त्याला ती दुपार सांगितली, ओला सदरा सांगितला, नर्सचा प्रश्न सांगितला. मग सहदेव बोलला, आणि त्याची पुणेरी कुठे गेली कुणास ठाऊक. "आमच्याकडं बी तसंच म्हणतात. औषध घेतलं म्हणतात. मी इसरूनच गेलतो बे सफा."

खेळात 'उतारा' राहिला. पुढे खेळ बाजारात आला तेव्हा मराठी मुलांनी तो खूप खेळला. काहींनी नावांवरून टर उडवली, काहींना सोंगाड्या इतका आवडला की ते एकमेकांना तसं चिडवू लागले. बाटलीच्या नावावर कुणी अवाक्षर काढलं नाही. सफाला आधी वाईट वाटलं. मग वाटलं, की ज्या शब्दाला कुणी अडखळलं नाही तो बरा बसला असणार.

पण ते पुढचं. त्या हिवाळ्यात गफ्फारभाईंनी कपाशीचा नाद सोडला आणि उभ्या पिकात मेंढरं घातली. रानातून जाणारा धनगर कळप घेऊन आला आणि मेंढरं ओळींमध्ये शिरली. पानं, कोवळे शेंडे, किडकी हिरवी बोंडं, सगळं कुरुकुरु खाऊ लागली. गफ्फारभाई तिकडे पाठ करून धुऱ्यावर बसले होते. सफा बांधाने या टोकाला जायची, परत यायची. पलीकडून कारभारी काठी टेकत आला. दवाखान्यातून आल्यानंतर तो पहिल्यांदाच शेतात आला होता. त्याने मेंढरांकडे पाहिलं आणि धनगराला विचारलं, की इथलं झालं की माझ्याकडे वळवतो का. धनगर हो म्हणाला.

कारभारी गफ्फारभाईंच्या शेजारी बसला. थोड्या वेळाने तो म्हणाला, की मी हरभरा पेरतो. गफ्फारभाई म्हणाले, की विहिरीला पाणी आहे तर गहू पेर, हरभऱ्यालाही अळी लागतेच. कारभारी म्हणाला, की गव्हाला रानडुकरं लागतात. मग दोघांचं चांगलंच जुंपलं, अगदी पोरवयात भांडत तसं. एक मेंढी पऱ्हाटीच्या फांद्यांत शिंगानं अडकून ओरडत होती. सफा ओळीत शिरली, तिने फांदी वाकवली आणि तिला मोकळं केलं. मेंढीने मागे वळूनही पाहिलं नाही, पुढचं बोंड तोंडात घेतलं आणि चालू लागली.